कॉर्नियाचा क्लेम दुरुस्त केला तरी तेच डिनायल पुन्हा येतं, तेव्हा काय तपासायचं

फुक्स डिस्ट्रॉफी या कॉर्नियाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या) आजाराचा एक क्लेम, म्हणजे विम्याकडे पाठवलेलं बिल, नाकारला गेला. कोड दुरुस्त करून परत पाठवला, पैसे आले. पुढच्या महिन्यात त्याच डॉक्टरांच्या दुसऱ्या पेशंटचा क्लेम तसाच परत आला. तोही सोडवला. असं चार-पाच महिने चाललं. दर वेळी क्लेम सुटत होता, म्हणून काही बिघडलंय असं कुणाला वाटतच नव्हतं. डिनायलच्या यादीत एक ओळ यायची आणि जायची, बस.

अमेरिकन डोळ्यांच्या प्रॅक्टिसचं कोडिंग किंवा बिलिंग करणाऱ्या प्रत्येकाच्या यादीत अशा दोन-चार ओळी असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की कॉर्नियाचा क्लेम दुसऱ्यांदा त्याच कारणाने परत आला, तर क्लेमला हात लावायच्या आधी तो कोड आला कुठून ते शोधा. मॉडिफायर (प्रोसिजरच्या कोडला जोडायची खूण) नंतर. (कोड इथे देवनागरीत लिहिले आहेत; क्लेमवर ते रोमन अक्षरांत आणि टिंब न देता जातात.)

आमच्या केसमध्ये कोड येत होता टेम्प्लेटमधून, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदीच्या तयार साच्यातून. फुक्ससाठी एच१८.५१ हा पाच जागांचा निदानाचा कोड ३० सप्टेंबर २०२० पर्यंत पूर्ण होता. १ ऑक्टोबर २०२० पासून एच१८.५ या सगळ्या गटाला सहावी जागा आली: एच१८.५११ उजवा डोळा, एच१८.५१२ डावा, एच१८.५१३ दोन्ही, एच१८.५१९ अनिर्दिष्ट. डॉक्टरांच्या टेम्प्लेटमध्ये जुना कोड हाताने टाइप केलेला होता. सॉफ्टवेअरची कोडची यादी अद्ययावत झाली, पण टेम्प्लेटमधला मजकूर हा नुसता मजकूर असतो, त्याला कोण अद्ययावत करणार?

मग कुणीतरी 'कायमचा' उपाय केला. टेम्प्लेटमध्ये एच१८.५१९ टाकला. कोड वैध, स्क्रबरमधून (क्लेम पाठवण्याआधी चुका तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) क्लेम सुरळीत बाहेर. आणि आता उजव्या डोळ्याच्या एंडोथेलियल केराटोप्लास्टीचा (कॉर्नियाचा आतला थर बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा) क्लेम, म्हणजे ६५७५६ आरटी (आरटी उजवा डोळा, एलटी डावा), वेगळ्याच कारणाने परत यायला लागला. प्रोसिजर म्हणते उजवा डोळा, निदान म्हणतं डोळा माहीत नाही. पहिल्या दुरुस्तीनेच दुसरं डिनायल जन्माला घातलं होतं, आणि दोन्हींची कारणं वेगळी दिसत असल्यामुळे त्यांचा एकमेकांशी संबंध आहे हे लक्षात यायला आणखी काही आठवडे गेले.

आधी रेमिटन्स शब्दशः वाचा

"डायग्नोसिसमुळे रिजेक्ट" असं कामाच्या यादीत लिहिलेलं असतं, आणि त्याचा काही उपयोग नसतो. मूळ रेमिटन्स, म्हणजे क्लेमवर विम्याकडून आलेलं उत्तर, उघडा आणि कारणाचा कोड पाहा. कॉर्नियाच्या कामात जे वारंवार दिसतात त्यांचा अर्थ असा.

सीओ १४६ म्हणजे त्या सेवेच्या तारखेला निदानाचा कोड वैध नव्हता. इथे वाद घालण्यासारखं काही नसतं. कोड जुना आहे, अपुरा आहे किंवा टायपिंगची चूक आहे. एक गोष्ट मात्र विसरली जाते: बाह्यरुग्ण क्लेमसाठी वैधता ठरते ती सेवेच्या तारखेवरून, बिल पाठवल्याच्या तारखेवरून नाही. २८ सप्टेंबरला पाहिलेल्या पेशंटचा क्लेम नोव्हेंबरमध्ये गेला तरी त्याला सप्टेंबरचीच कोडयादी लागते. दर ऑक्टोबरमध्ये हा गोंधळ दोन्ही दिशांनी होतो: जुने कोड नव्या तारखांवर आणि नवे कोड जुन्या तारखांवर.

सीओ १६ सोबत एम७६ हा शेरा असेल तर निदानाची माहिती नाही, अपुरी आहे किंवा चुकीची आहे. सोबत एमए१३० दिसला तर थांबा. मेडिकेअरच्या (अमेरिकी सरकारच्या आरोग्य विम्याच्या) भाषेत त्याचा अर्थ हा क्लेम प्रक्रियेलाच घेतला गेला नाही, त्यावर अपिलाचा हक्क नाही, नवा क्लेम पाठवा. अशा क्लेमवर अपील लिहीत बसणारी माणसं मी पाहिली आहेत. तीन आठवड्यांनी उत्तर येतं की अपील करता येत नाही. दरम्यान मेडिकेअरची एक वर्षाची मुदत चालूच असते, आणि ती सेवेच्या तारखेपासून मोजली जाते.

सीओ ११ म्हणजे निदान आणि प्रोसिजर यांचा मेळ नाही. कोड दोन्ही बरोबर असूनही हे येऊ शकतं, कारण चूक पॉइंटरमध्ये, म्हणजे कोणत्या प्रोसिजरला कोणतं निदान जोडलंय त्यात, असते. सीएमएस १५०० या क्लेमच्या फॉर्मवर २१ क्रमांकाच्या चौकटीत ए ते एल अशी १२ निदानं बसतात, पण प्रत्येक प्रोसिजरच्या ओळीला त्यातली जास्तीत जास्त चारच जोडता येतात. पेशंटला कोरड्या डोळ्यांचा जुना त्रास, ते निदान ए. आज कॉर्नियात कण अडकला म्हणून आला, ते निदान बी. सॉफ्टवेअरने सवयीने कण काढण्याच्या ओळीला ए जोडलं की झालं. काही प्रणाल्या सगळ्या ओळींना सरसकट ए-बी-सी-डी जोडतात. सीओ ११ दिसलं की माझं पहिलं बोट पॉइंटरवर जातं, आणि बऱ्याचदा शोध तिथेच संपतो.

सीओ ५० म्हणजे वैद्यकीय गरज सिद्ध नाही, सीओ ९७ म्हणजे ही सेवा दुसऱ्या सेवेच्या पैशांत धरलेली आहे, आणि सीओ ४ म्हणजे मॉडिफायरची गडबड. यांच्याकडे पुढे येतोच.

डोळा कोणता, आणि तो कितव्या जागेवर

कॉर्नियाच्या कोडमध्ये सगळ्यात जास्त वेळ लॅटरॅलिटी, म्हणजे डोळा उजवा की डावा हे दाखवणारी खूण, खाते, कारण तिला एकच एक जागा नाही. बुलस केराटोपॅथीत (कॉर्निया सुजून फोड येतात त्या आजारात) ती पाचव्या जागेवर: एच१८.११ उजवा, एच१८.१२ डावा, एच१८.१३ दोन्ही, आणि अनिर्दिष्ट डोळा एच१८.१०. तिथे अनिर्दिष्ट म्हणजे शून्य. फुक्समध्ये ती सहाव्या जागेवर आणि अनिर्दिष्ट म्हणजे नऊ. मध्यवर्ती अपारदर्शकतेत, एच१७.१ मध्ये, पुन्हा पाचव्या जागेवर आणि शून्य. कॉर्निया प्रत्यारोपणाच्या गुंतागुंतीत ती थेट सातव्या जागेवर: टी८६.८४०१ म्हणजे उजव्या डोळ्याच्या प्रत्यारोपित कॉर्नियाचं रिजेक्शन.

त्यामुळे "शेवटी एक म्हणजे उजवा" एवढंच पाठ करून चालत नाही. एच१८.११ पाच जागांवर पूर्ण आहे. फुक्सच्या सवयीने त्याला सहावी जागा जोडली की तो अवैध होतो. उलट एच१८.६२ हा अस्थिर केराटोकोनसचा (कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराचा) कोड पाच जागांवर अर्धवट आहे, तो एच१८.६२१, ६२२ किंवा ६२३ असाच जायला हवा.

काही कोडना डोळाच नसतो. नागिणीच्या विषाणूमुळे झालेला केराटायटिस (कॉर्नियाचा दाह) बी०२.३३, हर्पिस सिम्प्लेक्सचा बी००.५२. हे संसर्गाच्या प्रकरणातले कोड, त्यांत उजवं-डावं नाही. नवखा कोडर डोळा दाखवायचा म्हणून एच१६.८ किंवा एच१६.९ सोबत जोडतो. गंमत म्हणजे त्या दोन्हींतही डोळा नाही. डोळा सांगायचा असेल तर तो प्रोसिजरच्या आरटी-एलटीने सांगितला जातो, निदानात ओढूनताणून आणायची गरज नाही.

इजेच्या कोडमध्ये वेगळीच अडचण: तिथे 'दोन्ही' हा पर्यायच नाही. दोन्ही कॉर्नियांवर ओरखडे असतील तर एस०५.०१एक्सए आणि एस०५.०२एक्सए असे दोन कोड लिहायचे. वेल्डिंगच्या झगमगाटाने दोन्ही डोळे भाजले असतील तर मात्र तो फोटोकेराटायटिस, एच१६.१३३, एकाच कोडमध्ये दोन्ही डोळे. पेशंटच्या तोंडी दोन्ही 'डोळ्याला लागलं', कोड मात्र वेगळ्या प्रकरणांतले.

आता वारंवार विचारला जाणारा प्रश्न. फुक्स दोन्ही डोळ्यांत आहे, शस्त्रक्रिया उजव्याची. निदान एच१८.५१३ आणि प्रोसिजर आरटी, हे विसंगत आहे का? नाही. अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांनुसार आजार दोन्हीकडे असेल आणि बाजू वेगवेगळ्या भेटींत हाताळल्या जात असतील, तर पहिल्या वेळी दोन्हींचाच कोड द्यायचा, कारण आजार अजून दोन्हीकडे आहे. पहिल्या बाजूचा आजार उपचारानंतर उरला नसेल, तर दुसऱ्या बाजूच्या वेळी फक्त त्या बाजूचा. प्रत्यारोपणानंतर उजव्या डोळ्यात फुक्स 'उरलं' की नाही, हे मात्र कोडरने ठरवायचं नसतं. नोंदीत काय लिहिलंय ते पाहायचं. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनीही "दोन्ही डोळ्यांत फुक्स" असं मागच्या नोंदीतून जसंच्या तसं उतरलेलं असेल, तर ती डॉक्टरांना विचारायची बाब आहे.

आणि अनिर्दिष्ट डोळा? मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की तो क्वचितच वापरावा, स्पष्टीकरण मिळणंच शक्य नसेल तेव्हा. डोळ्याच्या डॉक्टरांच्या चार्टमध्ये स्लिट लॅम्पची (डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकाची) तपासणी डोळ्यानुसार वेगवेगळी लिहिलेली असते. तिथे उत्तर नसतं असं फार कमी वेळा होतं. निदानाच्या ओळीत डोळा लिहायचा राहिला आणि कोडरने वरच्या तपासणीपर्यंत स्क्रोल केलं नाही, एवढंच घडलेलं असतं. तपासणी आणि निदान एकमेकांशी विसंगत असतील तर मात्र अंदाज नको, क्वेरीच, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारणाच, हवी.

ओरखडा, कण, आणि पुन्हा सोलवटणं

तीन वेगळ्या गोष्टी, आणि तिन्हींसाठी 'अब्रेजन' हा एकच शब्द सरसकट वापरला जातो.

कॉर्नियात कण असेल तर टी१५.०१एक्सए किंवा टी१५.०२एक्सए. कण नसलेला ओरखडा असेल तर एस०५.०. या दोघांमध्ये एक्सक्लूड्स १ आहे, म्हणजे एकाच डोळ्यासाठी एकाच वेळी दोन्ही लिहायचे नाहीत. एस०५.० च्या नावातच 'बाह्य कणाशिवाय' असं म्हटलं आहे. कण काढल्यावर खाली ओरखडा उरतोच, डॉक्टर तो प्रामाणिकपणे लिहितात, कोडर दोन्ही कोड लावतो, आणि स्क्रबर ओरडतो. कणाचा कोड पुरेसा आहे.

तिसरी गोष्ट, कॉर्नियाचा बरा झालेला वरचा पापुद्रा पुन्हा पुन्हा सोलवटणं: रिकरंट इरोजन, एच१८.८३१, ८३२, ८३३. महिन्यांपूर्वी नख लागलेलं, आता सकाळी डोळा उघडताना कळ येते, ही जुनी इजा नव्याने झालेली नाही. इथे एस०५ चा कोड लावला तर पेअर (विम्याचे पैसे देणारा) अपघाताची चौकशी करणारं पत्र पेशंटला पाठवतो, पेशंट वैतागून दवाखान्यात फोन करतो, आणि क्लेम तिथेच अडकून राहतो.

सातव्या अक्षराबद्दल एक गैरसमज इतका घट्ट बसला आहे की तो प्रत्येक नव्या कोडरसोबत पुन्हा जन्म घेतो. 'ए' म्हणजे पहिली भेट नव्हे. 'ए' म्हणजे सक्रिय उपचार चालू आहेत. दुसऱ्या डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी पाहिलं आणि तरीही सक्रिय उपचार दिले, तर 'ए'च. जखम नेहमीसारखी भरत आली आहे आणि फक्त तपासणी झाली, तर 'डी'. इजेचा मागे राहिलेला परिणाम, जसं व्रण, त्यासाठी 'एस', आणि तिथे आधी आजचा आजार, म्हणजे व्रणाचा एच१७ मधला कोड, आणि मग 'एस' असलेला इजेचा. मधल्या सहाव्या जागेवर 'एक्स' हवाच. तो गाळून 'ए' सहाव्या जागेवर सरकवलेले क्लेम अजूनही दिसतात.

प्रोसिजरच्या बाजूला, स्लिट लॅम्पखाली कॉर्नियातला कण काढणं म्हणजे ६५२२२. स्लिट लॅम्पशिवाय ६५२२०. एका डोळ्यातून तीन कण काढले तरी एकदाच. आणि मग येतो तो प्रसिद्ध २५ मॉडिफायर, त्याच दिवशीची तपासणी वेगळी होती असं सांगणारा. ६५२२२ ही शून्य दिवसांच्या ग्लोबलची (प्रोसिजरच्याच पैशांत धरलेल्या नंतरच्या काळाची) छोटी प्रोसिजर आहे, आणि ती करायची की नाही हे ठरवण्यासाठी केलेली तपासणी तिच्याच पैशांत धरलेली असते. पेशंट फक्त कणासाठी आला, कण काढला, घरी गेला, तर तपासणीचं वेगळं बिल लावून त्याला २५ चिकटवणं चूक आहे, मग ते एकदा पास झालं असलं तरी. त्याच भेटीत डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याच्या काचबिंदूची औषधं बदलली, ते नोंदीत वेगळं दिसतंय, तर २५ ला आधार आहे. सीओ ९७ आल्यावर विचार न करता २५ जोडून पाठवणं ही आमच्या धंद्यातली सर्दीवर अँटिबायोटिक देण्यासारखी सवय आहे.

व्रण आणि संसर्ग: डॉक्टरांच्या वाक्यात किती आहे?

एच१६.० या गटात कॉर्नियल अल्सरचे प्रकार जागेवरून आणि स्वरूपावरून वेगळे होतात: मध्यवर्ती एच१६.०१, वलयाकार ०२, हायपोपिऑनसह (डोळ्याच्या पुढच्या भागात पू साचलेला) ०३, कडेचा ०४, मूरेन्स ०५, बुरशीजन्य ०६, छिद्र पडलेला ०७. यातल्या प्रत्येकाला सहावी जागा डोळ्याची. नोंदीत "मध्यभागी ३ मिमीचा अल्सर, हायपोपिऑन १ मिमी" असं लिहिलेलं असताना क्लेमवर एच१६.००१, म्हणजे अनिर्दिष्ट अल्सर, का जातो? कारण सॉफ्टवेअरमधल्या फेव्हरिटच्या, म्हणजे नेहमीच्या कोडच्या, यादीत वरून पहिला तोच आहे.

'बुरशी असावी' असं लिहिलेलं असेल तर एच१६.०६ लावायचा नाही. बाह्यरुग्ण कोडिंगमध्ये संभाव्य, शंकास्पद, 'नाकारण्यासाठी तपासणी' अशा निदानांना कोड नसतो. जे नक्की कळलं आहे तेवढंच. अल्सर आहे हे नक्की, बुरशी नक्की नाही, तर अल्सर जसा दिसला तसा कोड करा. खरवडून कल्चरला पाठवलं असेल तर प्रोसिजर ६५४३०, आणि तिला हे निदान पुरतं. कल्चरचा निकाल आल्यावर पुढच्या भेटीला कोड बदलेल. मागचा क्लेम 'सुधारायचा' नसतो, कारण त्या दिवशी जे माहीत होतं तेच त्या दिवसाचं निदान. अजून काहीच नक्की नसेल आणि पेशंट फक्त दुखतंय म्हणून आला असेल, तर एच५७.११ सारखा वेदनेचा कोड पूर्णपणे सन्माननीय आहे.

टोपोग्राफी आणि केराटोकोनस

९२०२५, म्हणजे संगणकीय कॉर्नियल टोपोग्राफी (कॉर्नियाच्या वक्रतेचा नकाशा), या कोडच्या व्याख्येतच 'एक किंवा दोन्ही डोळे' असं आहे. दोन्ही डोळ्यांची केली म्हणून ५० हा 'दोन्ही बाजू'चा मॉडिफायर किंवा दोन ओळी लावल्या तर ते परत येणारच. ७६५१४ या पॅकिमेट्रीचंही (कॉर्नियाची जाडी मोजण्याचंही) तसंच. आणि व्याख्येत 'अर्थ लावणं आणि अहवाल' हेही आहे. रंगीत नकाशा चार्टला जोडला पण डॉक्टरांनी त्यावर एक ओळही लिहिली नाही, तर तपासणी अर्धीच झाली असं ऑडिटर म्हणेल, आणि त्याचं बरोबर असेल.

सीओ ५० इथे बहुधा निदानाच्या क्रमामुळे येतं. केराटोकोनस असलेल्या पेशंटच्या चार्टमध्ये दृष्टिदोषाचे कोडही असतात, आणि टोपोग्राफीच्या ओळीला पहिला एच५२.२ मधला ॲस्टिग्मॅटिझम जोडला जातो. पेअरला ती चष्म्याच्या किंवा लेझरच्या तयारीची तपासणी वाटते, आणि फक्त चष्मा घालवण्यासाठी केलेल्या रिफ्रॅक्टिव्ह शस्त्रक्रियेचा खर्च मेडिकेअर देत नाही. कोड खोटा लावायचा नाही. पण तपासणी केराटोकोनस वाढतोय का हे पाहण्यासाठी केली असेल आणि नोंदीत तसं असेल, तर पॉइंटर केराटोकोनसचाच हवा. स्थिर की अस्थिर, एच१८.६१ की ६२, हेही डॉक्टरांनी लिहिलेलं हवं. 'प्रोग्रेशन' असा शब्द नोंदीत आहे आणि कोड एच१८.६०१, अनिर्दिष्ट, हे दृश्य फार वेळा दिसतं. क्रॉसलिंकिंगची (केराटोकोनस वाढू नये म्हणून करायच्या उपचाराची) पूर्वपरवानगी मागताना नेमकं हेच नडतं, कारण परवानगी देणारा वाढता आजार शोधत असतो.

मेडिकेअरच्या पेशंटसाठी स्थानिक कंत्राटदाराचं कव्हरेज धोरण आधी पाहा. कोणती निदानं चालतील याची यादी त्याच्याशी जोडलेली असते. सेवा वैद्यकीय गरजेवर नाकारली जाईल अशी शंका असेल तर एबीएन (मेडिकेअरने पैसे नाकारले तर खर्च आपल्यावर येईल हे पेशंटने मान्य केल्याचा कागद) तपासणीच्या आधी सही करून घ्यायचा आणि जीए मॉडिफायर लावायचा. नंतर घेतलेला एबीएन हा कागद असतो, बाकी काही नाही.

प्रत्यारोपण

इथे रक्कम मोठी असते, म्हणून डिनायलही जास्त लक्षात येतं. पेनिट्रेटिंग केराटोप्लास्टीचे (कॉर्निया पूर्ण जाडीने बदलण्याचे) कोड भिंगाच्या स्थितीवर ठरतात: नैसर्गिक भिंग असेल तर ६५७३०, भिंगच नसेल तर ६५७५०, कृत्रिम भिंग असेल तर ६५७५५. क्लेमवर ६५७३० आणि सोबत झेड९६.१, म्हणजे कृत्रिम भिंग असल्याचा कोड, असं एकत्र गेलं की क्लेम स्वतःशीच भांडतो. अर्थात ते भिंग दुसऱ्या डोळ्यातलं असू शकतं, कारण झेड९६.१ ला डोळा नाही. ऑपरेशन नोट उघडल्याशिवाय हे सुटत नाही. एंडोथेलियल म्हणजे ६५७५६, त्याला भिंगाचं बंधन नाही. ६५७५७ हा ऊती तयार करण्याचा जोडकोड फक्त सर्जनने स्वतः ती तयार केली असेल तर. नेत्रपेढीकडून आधीच कापून आलेली असेल तर नाही. ऊतीचा खर्च, व्ही२७८५, शस्त्रक्रिया झाली त्या संस्थेच्या क्लेमवर जातो, सोबत नेत्रपेढीचं इन्व्हॉइस. तो सर्जनच्या क्लेमवर दिसला की कुणीतरी चार्ज शीट जशीच्या तशी उतरवली आहे असं समजा.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आलेली बुलस केराटोपॅथी असेल आणि डॉक्टरांनी तो संबंध स्पष्ट लिहिला असेल, तर एच५९.०११ या ओळीतले कोड पाहावे लागतात. नुसतं कृत्रिम भिंग आहे आणि कॉर्निया सुजला आहे, एवढ्यावरून गुंतागुंतीचा कोड लावता येत नाही.

पुढचे ९० दिवस ग्लोबलचे. प्रत्यारोपित पापुद्रा सुटला म्हणून पुन्हा हवा भरली, ६६०२०: ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन भरली तर ७८ मॉडिफायर. दवाखान्यातल्या स्लिट लॅम्पवर भरली तर मेडिकेअर वेगळे पैसे देत नाही, कारण थिएटरमध्ये परत न नेता हाताळलेल्या गुंतागुंती मूळ शस्त्रक्रियेच्याच पैशांत येतात. सर्जनला हे सांगणं कोडरच्या नशिबी येतं. दुसऱ्या डोळ्याची असंबंधित प्रोसिजर ७९ ने, असंबंधित तपासणी २४ ने. इथे निदानातला डोळा बरोबर असेल तरच २४ टिकतो. अनिर्दिष्ट डोळ्याचं निदान देऊन 'हे दुसऱ्या डोळ्याचं आहे' असं कुणाला पटवणार?

मूळ शोधायचं कसं

रेमिटन्सपासून उलटं चालत जा. क्लेमवर कोणता कोड गेला. कोडरने मंजूर केला तेव्हा कोणता होता. डॉक्टरांनी भेट बंद करताना कोणता निवडला. नोंदीतलं वाक्य काय म्हणतं. या चारांपैकी पहिली फारकत जिथे दिसते तिथे चूक आहे. नोंदीचं वाक्य नेमकं आणि निवडलेला कोड ढोबळ, तर फेव्हरिट किंवा टेम्प्लेट. डॉक्टरांचा कोड बरोबर आणि क्लेमवरचा वेगळा, तर मधला मॅपिंगचा नियम. वाक्यच ढोबळ, तर क्वेरी. जुन्या समस्यांची यादी हा चौथा संशयित: २०१९ मध्ये कुणीतरी टाकलेलं निदान दर भेटीला नव्याने उतरत राहतं.

आमच्याकडे दुरुस्ती तीन ठिकाणी करावी लागली. टेम्प्लेटमधून कोड काढूनच टाकला, फक्त निदानाचं नाव ठेवलं, म्हणजे डोळा निवडल्याशिवाय भेट बंद होत नाही. फेव्हरिटमधले सगळे अनिर्दिष्ट डोळ्याचे कोड उडवले. डॉक्टर थोडे कुरकुरले, आठवड्याभरात सवय झाली. आणि स्क्रबरमध्ये एक नियम घातला: प्रोसिजरवर आरटी किंवा एलटी आहे आणि निदान अनिर्दिष्ट किंवा उलट डोळ्याचं आहे, तर क्लेम थांबव.

क्वेरी लिहिताना उत्तर तोंडात घालू नका. "केराटोकोनस अस्थिर आहे असं लिहाल का, म्हणजे क्लेम पास होईल" ही क्वेरी नव्हे, ऑडिटमध्ये सापडणारा पुरावा आहे. "१२ तारखेच्या नोंदीत मागच्या टोपोग्राफीच्या तुलनेत वक्रता वाढल्याचा उल्लेख आहे. निदानात केराटोकोनस एवढंच आहे. तुमच्या वैद्यकीय मतानुसार आजार स्थिर, अस्थिर की ठरवता येत नाही, ते कृपया नोंदवा." एवढं पुरतं.

अडकलेले जुने क्लेम सोडवताना रस्ता पेअरनुसार बदलतो. खासगी पेअरला बहुधा सुधारित क्लेम लागतो, २२ क्रमांकाच्या चौकटीत ७ आणि मूळ क्लेमचा क्रमांक. तो न देता पाठवला तर डुप्लिकेट म्हणून ओए १८ येतं, आणि आपण नवीनच डिनायल तयार करतो. मेडिकेअरमध्ये एमए१३० असेल तर नवा क्लेम. नाकारलेला क्लेम आणि चूक किरकोळ कारकुनी असेल तर रीओपनिंग. खरोखरचं मतभेद असेल तर पहिल्या पायरीचं अपील, निर्णय मिळाल्यापासून १२० दिवसांत, सोबत चार्ट.

टेम्प्लेट बदलल्यापासून फुक्सची ओळ यादीत आलेली नाही. सध्या तिच्या जागी दुसरी आहे: ग्राफ्ट रिजेक्शनच्या भेटींवर टी८६.८४०१ सोबत झेड९४.७ ही जातोय. प्रत्यारोपणाच्या स्थितीचा कोड गुंतागुंतीच्या कोडसोबत लिहायचा नसतो, तिथेही एक्सक्लूड्स १ आहे. या वेळी क्लेम न सुधारता आधी समस्यांची यादी उघडली. झेड९४.७ तिथे बसलेला आहे, 'प्रत्येक भेटीला जोडा' या खुणेसह, आणि ती खूण कोण काढू शकतं हे सॉफ्टवेअरच्या सपोर्टला विचारलं आहे.